कॉलेजातला कोच व्हायचंय? आधी जिमखान्याचं दार उघडून बघा

जून उजाडला, बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, प्रवेशाच्या जाहिराती निघाल्या की माझे फोन सुरू होतात. "सर, युनिव्हर्सिटी खेळलोय. कॉलेजात फुटबॉलचा कोच व्हायचंय. काय करू?" पोरगं चांगलं असतं, खेळलेलं असतं, आणि मोबाईलवर पाहिलेला कुणीतरी कोटवाला कोच त्याच्या डोळ्यांसमोर असतो. मी त्याला आधी एवढंच सांगतो की महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत फुटबॉल कोच असं पद नसतं. बास्केटबॉल कोच असंही नसतं. पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं. कॉलेजला एक संचालक, आणि कुस्तीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ त्याच्या गळ्यात. त्यातले एक-दोन तो जीव लावून शिकवतो, बाकीच्यांचे संघ पाठवतो. मी फुटबॉल आणि बास्केटबॉल धरले. फुटबॉल कोल्हापूरचा म्हणून अंगातच होता. बास्केटबॉल धरला, कारण कॉलेजात सिमेंटचं चांगलं कोर्ट होतं आणि त्यावर प्राध्यापकांच्या गाड्या लागत होत्या.

या क्षेत्रात नोकरी मिळवून देणारे कागद वेगळे आणि कोचिंग शिकवणारे वेगळे. नव्या पोरांचा घोळ नेमका इथे होतो. नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, पास झालेला पण पोरांकडून धड वॉर्मअप करून घेता न येणारा माणूस मी पाहिला आहे. आणि पोरं ज्याच्यावर जीव टाकतात असा लायसन्सवाला कोच एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) नाही म्हणून तासिका तत्त्वावरही, म्हणजे तासाप्रमाणे पैसे देऊनही, घेतला गेला नाही, हेही पाहिलं आहे. दोन्ही बाजूंची तयारी एकदमच सुरू करावी लागते. एक संपवून दुसरी धरू म्हणालात तर तिशी उलटते.

नोकरीचे कागद

कुठल्याही शाखेची पदवी, त्यावर दोन वर्षांचं बी.पी.एड., त्यावर दोन वर्षांचं एम.पी.एड. पूर्वी बी.पी.एड. एका वर्षात व्हायचं. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनंतर ते दोन वर्षांचं झालं. म्हणजे बारावीनंतर साधारण सात वर्षांचा हिशेब. एम.पी.एड.ला ५५ टक्के हवेतच, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. मग यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट, नाहीतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती राज्याची सेट. विषय शारीरिक शिक्षण. या परीक्षेत ड्रिबल आणि ड्राइव्हला कुणी विचारत नाही. तिथे स्नायूंचं शरीरशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, मोजमाप आणि मूल्यमापन, खेळाचा इतिहास, संख्याशास्त्र असतं. मैदानावरचा माणूस इथेच कच्चा राहतो. एम.पी.एड.च्या पहिल्या वर्षापासून रोज सकाळच्या सरावानंतर दोन तास पुस्तक धरा. सुटीत बघू म्हणणारे सुटीत स्पर्धा खेळायला जातात.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत आणखी दोन अटी आहेत, त्या जाहिरात आल्यावर अनेकांना कळतात. एक म्हणजे तुम्ही स्वतः आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेले असल्याची नोंद. दुसरी शारीरिक क्षमता चाचणी. पुरुषांना १२ मिनिटांत धावत किंवा चालत ठरावीक अंतर कापायचं असतं: वय तीसपर्यंत १८०० मीटर, चाळीसपर्यंत १५००, पंचेचाळीसपर्यंत १२००. महिलांना ८ मिनिटं, तिशीपर्यंत १००० मीटर. आकडे वाचून खेळाडूंना हसू येतं. नेटचा अभ्यास आणि तासिका तत्त्वाची धावपळ यांत दोन-तीन वर्षं काढलेल्या माणसाला मात्र तिसऱ्या फेरीत घाम फुटतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री वडापाव खाऊन आलेलेही पाहिलेत, त्यांचं काय झालं ते सांगत नाही.

शिकायचं कुठे, हा प्रश्न लोक उगाच ताणतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्यांचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. पुण्यात चंद्रशेखर आगाशे कॉलेज आहे. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था १९५७ ची. प्रवेश मिळाला तर ग्वाल्हेरला डोळे झाकून जा, देशभरातल्या पोरांबरोबर राहाल आणि हिंदीत ओरडायला शिकाल. आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये ते फार कामाला येतं. नाही मिळाला तर घराजवळचं कॉलेज बघा, पण प्रवेशाआधी मैदान बघून या. मैदानावर गवत गुडघाभर असेल तर आत काय शिकवतात ते कळलंच.

पगाराबद्दल. मंजूर पदावर पूर्णवेळ लागलात तर सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकाच. पण पदं भरायला वेळ लागतो, वर्षानुवर्षं रखडतात. मधला काळ तासिका तत्त्वावर जातो. त्यात सत्र चालू असेल तेवढेच महिने पैसे, तेही उशिरा. मला सुरुवातीच्या काळात एका संस्थेने दिवाळीचा पगार होळीला दिला होता. त्या वर्षांत मी सकाळी एका शाळेत फुटबॉल शिकवायचो आणि संध्याकाळी एका सोसायटीच्या पोरांना बास्केटबॉल. आता टर्फ निघालेत, खासगी अकादम्या आहेत, तेव्हा ही गाडी ढकलणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. एमपीएससीमार्फत तालुका आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या जागा निघतात, शाळांमध्ये क्रीडाशिक्षक लागतात, तेही डोक्यात असू द्या.

हाताला कोचिंग कसं लागतं

फुटबॉलमध्ये रस्ता आखून दिलेला आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची डी, सी, बी, ए अशी लायसन्स एकापुढे एक घ्यायची. महाराष्ट्रात हे काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा बघते. डी साधारण आठवडाभराचं असतं. तिथे जाताना अंगात दम घेऊन जा. कारण तुमचं सेशन असतं थोडाच वेळ, उरलेला दिवस तुम्ही इतरांच्या सेशनमध्ये खेळाडू म्हणून पळत असता. आणि इन्स्ट्रक्टर बघतो ते एवढंच की तुम्ही खेळ थांबवून नेमकी एक चूक दाखवता, की थांबवून भाषण देता. भाषणवाले बरेच असतात.

बास्केटबॉलची शिडी इतकी स्पष्ट नाही. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, प्रशिक्षक कार्यक्रमाचे कोर्स भारतीय महासंघ घेतो, त्यावर नजर ठेवावी लागते. दोन्ही खेळांना लागू पडणारा जुना, भरवशाचा मार्ग म्हणजे एनआयएस. नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली पटियाळाच्या महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात सुरू झाली. तिचा वर्षाचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही. खेळानुसार केंद्र वेगळं असू शकतं. डिप्लोमाचं एक वर्ष मोडायची ऐपत असेल तर मोडा. नसेल तर सहा आठवड्यांचा तरी करा.

आणि माझा एक हट्टाचा सल्ला: रेफरीची परीक्षा द्या. बास्केटबॉलमध्ये तर आधी टेबलवर बसा, स्कोअरशीट लिहा. झोनलच्या, म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांमधल्या, सामन्यात स्कोअरशीट लिहिणाऱ्या पोराचा हात एकदा चुकला की तुमचे दोन गुण गायब होतात, आणि ते धावत्या बेरजेत कुठे गेले हे ज्याला शीट वाचता येते त्यालाच सापडतं. कोणत्या खेळाडूचे किती फाऊल झाले, संघाचे क्वार्टरमधले चार फाऊल भरले का, टाइमआउट किती उरले, हे सगळं त्या एका कागदावर असतं. माझ्या ओळखीतले निम्मे कोच तो कागद सामना संपल्यावर बघतात.

एका माणसाने फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही शिकवायचे हे आपल्याकडचं दारिद्र्य आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या कॉलेजांत शंभर वर्षांपूर्वी हेच चालायचं, फक्त त्यांचा फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा तो. कॅन्सस विद्यापीठात बास्केटबॉलचा मोठा कोच म्हणून गाजलेल्या फॉग ॲलनने १९२० साली तिथल्या फुटबॉल संघाचंही कोचिंग केलं होतं. त्याच विद्यापीठात त्याच्या आधी कोच होते जेम्स नेस्मिथ, ज्यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल हा खेळच शोधून काढला. त्यांचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव. खेळाचा जन्मदाता, आणि कॅन्ससच्या आजवरच्या कोचांत हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त असलेला एकटाच! नवीन कोच पहिल्या वर्षी झोनलला पहिल्याच फेरीत बाहेर पडून तोंड पाडून बसला की मी त्याला हे सांगतो.

पावसातला हंगाम

कॉलेजचा हंगाम विचित्र असतो. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे. आधी झोनल, मग इंटर झोनल, त्यातून विद्यापीठाचा संघ, त्याचा कॅम्प, मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तिथे टिकलात तर अखिल भारतीय. फुटबॉलमध्ये त्या स्पर्धेचा करंडक सर आशुतोष मुखर्जींच्या नावाचा आहे. बास्केटबॉलवाल्यांना राज्यातल्या विद्यापीठांची 'अश्वमेध' स्पर्धाही असते. २०२० मध्ये भुवनेश्वरपासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स सुरू झाले, तेव्हापासून पोरांच्या तोंडी त्याचंच नाव.

पण हे सगळं पुढचं. तुमच्या वाट्याला आधी झोनल येते, आणि ती नॉकआउट असते. प्रवेश जुलैपर्यंत चालतात, स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि मधल्या काळात कोल्हापुरात पाऊस मैदान सोडत नाही. वर्षभराची मेहनत एका चिखलातल्या सामन्यावर. म्हणून जूनपर्यंत थांबायचंच नाही. एफ.वाय. संपवून एस.वाय.ला जाणारी पोरं उन्हाळ्यातच धरून ठेवा, नवे प्रवेश वरून येतील ते येतील.

पावसात सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं. पहिल्या वर्षी हे काम शिपायाचं आहे असं मला सांगण्यात आलं आणि शिपायाला ते माझं आहे असं सांगण्यात आलं होतं. शेवटी आम्ही ते वाटून घेतलं: शनिवारी ब्लीचिंग पावडर टाकायची, तासभर मुरू द्यायची, तारेच्या ब्रशने घासायचं, पाणी ओढायचं. रिंगखालचा भाग आणि फ्री थ्रोची रेघ आधी, कारण पोरं तिथेच उडी मारून उतरतात आणि घोटे तिथेच मुरगळतात. खांबाला फोम गुंडाळा, नाही मिळाला तर जुन्या गाद्या बांधा. बॉलमध्ये हवा भरताना पिन आधी ओली करा. कोरडी पिन घुसवली की आतला व्हॉल्व्ह फाटतो, आणि नव्या बॉलच्या बिलावर सही घ्यायला तुम्हाला तीन टेबलं फिरावी लागतात. मुलांसाठी ७ नंबरचा बॉल, मुलींसाठी ६ नंबरचा. एकच बॉल दोघांना चालवून घेणारी कॉलेजं आहेत. मग स्पर्धेत मुलींचे शॉट रिंगच्या पलीकडे जातात.

निवडीचा दिवस आणि तालमीतले दादा

फुटबॉलच्या निवडीला कोल्हापुरात पोरं कमी पडत नाहीत. इथला फुटबॉल तालमींचा, पेठांचा; तालीम म्हणजे पेठेतलं मंडळ, आणि त्याचा स्वतःचा संघ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं घेतली की रिक्षावालाही गेल्या वर्षीचा निकाल सांगतो. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की शाहू स्टेडियम भरतं आणि त्यानंतर नॉकआउट स्पर्धांची रांग मेपर्यंत चालते. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून आईबापही मैदानावर यायला लागले.

तेव्हा अडचण खेळाडूंची नाही. अडचण अशी की चांगला पोरगा आधीच कुणाचा तरी असतो. त्याच्या तालमीचा रंग त्याच्या अंगात भिनलेला. नोव्हेंबर-डिसेंबरात विद्यापीठाचा कॅम्प आणि लीग एकमेकांवर आदळतात. मग संध्याकाळी जिमखान्याच्या दारात दोघं-तिघं येऊन उभे राहतात.

"सर, रविवारी आमची मॅच हाय. पोरगं सोडा की."

"दादा, सोमवारी त्याची टीम वेस्ट झोनला निघणार आहे. पाय मोडला तर?"

"न्हाई मोडत. आम्ही बसवून ठेवतो, शेवटची वीस मिन्टं खेळवतो."

शेवटची वीस मिनिटं नव्वद होतात हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. इथे नियम दाखवून काही होत नाही. तालमीच्या कोचशी जुलैतच बोलून ठेवायचं, त्यांच्या सराव सामन्यांना जाऊन बसायचं, चहा घ्यायचा. पोरगा त्यांनी घडवलेला असतो, तुम्हाला तो तीन वर्षं वापरायला मिळतो. हे मान्य केलंत की ते तुमच्यासाठी एक सामना सोडतात. न मान्य करणाऱ्या कोचचे खेळाडू कॅम्पच्या दिवशी आजारी पडतात.

निवडीत बॉल पायात असताना पोरगा काय करतो ते मी फारसं बघत नाही, कोल्हापूरच्या पोराला ते येतंच. बॉल गेल्यावर पहिल्या तीन पावलांत काय करतो ते बघतो. हात वर करून रेफरीकडे बघणारा, कमरेवर हात ठेवणारा, आणि वळून धावणारा. पाच-पाचचे छोटे सामने लावा, गोलकीपरशिवाय, अर्ध्या तासात हे तीन प्रकार वेगळे होतात.

बास्केटबॉलला उलट. तिथे पोरं येतच नाहीत. मुंबईच्या नागपाड्यात गल्लीत बास्केटबॉल आहे, अब्बास मुंतसिर तिथलेच, भारताचे कर्णधार झाले, १९७० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्यात क्लब आहेत, शिरीन लिमये तिथून भारतीय संघाची कर्णधार झाली. तालुक्याच्या कॉलेजात तुम्हाला व्हॉलीबॉलमधला उंच, हँडबॉलमधला धिप्पाड आणि फुटबॉलमधला चपळ असे गोळा करून संघ उभा करावा लागतो. माझा आजवरचा सर्वांत भरवशाचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल आणून खेळ मांडणारा, फुटबॉलचा मिडफिल्डर होता. मान वर ठेवून खेळायची सवय, बॉल येण्याआधी डावी-उजवी बघायची सवय, हे त्याने आधीच कमावलेलं होतं. शिकवावं लागलं ते हात आणि पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून वळणं. फुटबॉलवाला बॉल हातात आला की सवयीने पाऊल टाकतो आणि ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजते. पहिले दोन आठवडे ड्रिबल बंद ठेवा. पकड, थांब, वळ, दे. एवढंच.

बाकावरचं काम

दोन्ही खेळ शिकवणाऱ्याला दोन वेगळे स्वभाव ठेवावे लागतात. फुटबॉलमध्ये शिट्टी झाली की कोचच्या हातात फारसं काही उरत नाही. पंचेचाळीस मिनिटं मधे थांबा नाही. बदली खेळाडू आणि मध्यंतराची पंधरा मिनिटं, संपलं. टचलाइनवरून "मार रे, सोड रे, वर चल" ओरडणारा कोच प्रेक्षकांसाठी ओरडत असतो. शाहू स्टेडियमच्या गलक्यात पलीकडच्या विंगरला काही ऐकू जात नाही. म्हणून फुटबॉलचं कोचिंग आठवडाभर आधी संपलेलं असावं लागतं.

बास्केटबॉल दर मिनिटाला तुम्हाला विचारतो. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआउट, दुसऱ्यात तीन, त्यातलेही शेवटच्या दोन मिनिटांत दोनच वापरता येतात. बदल्या कितीही. टाइमआउट म्हणजे एक मिनिट, आणि त्यातली पहिली काही सेकंद पोरं बाकापर्यंत येण्यात जातात. नवा कोच काय करतो? पोरं येतायत तोवरच बोलायला लागतो. त्यांच्या कानात अजून प्रेक्षक असतात, छाती धपापत असते, शब्द आत जात नाही. पाचही जणांना बसवा. पाणी द्या. तुम्ही गप्प राहा. मग खाली गुडघ्यावर बसून, डोळ्याला डोळा देऊन एक गोष्ट बचावाची सांगा, एक आक्रमणाची. "त्यांचा ९ नंबर डावीकडेच जातोय, डावी बाजू बंद कर. आपण बॉल आत देऊनच मारायचं, बाहेरून नाही." उठताना ज्याला सांगितलं त्याच्याकडूनच ते परत वदवून घ्या. मान हलवणारा पोरगा ऐकत असतोच असं नाही.

बॉल मिळाल्यावर २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, पण ते मोजणारं घड्याळ झोनलला बहुतेक वेळा नसतं. टेबलवरचा पोरगा हातातल्या स्टॉपवॉचवर मोजतो आणि "पाच सेकंद" म्हणून ओरडतो, किंवा सामना रंगला की विसरतो. तुमच्या बाकावरच्या बाराव्या खेळाडूला हेच काम द्या, तो मोजत राहील आणि सामन्यातही राहील. तीन-तीनच्या स्पर्धेला संघ पाठवलात तर लक्षात ठेवा, फिबाच्या नियमांनुसार तिथे बाकावरून कोचिंगला परवानगीच नाही. दहा मिनिटं किंवा २१ गुण, १२ सेकंदांचा शॉट क्लॉक, आणि तुम्ही प्रेक्षकांत हाताची घडी घालून. दर हंगामाच्या सुरुवातीला मी पोरांना असं खेळवतो, कोण स्वतः निर्णय घेतो ते कळतं.

मुलींचा संघ

यावर वेगळं लिहायला हवं, कारण इथे कोचिंगआधी घरी जाणं येतं. गावाकडून एसटीने येणारी मुलगी सरावाला थांबली तर शेवटची गाडी चुकते. म्हणून सराव सकाळी, तासांच्या आधी. स्पर्धा परगावी निघाली की घरून नकार येतो. फोनवर बोलून हा नकार मागे जात नाही. एका मुलीच्या घरी मी आणि आमच्या इतिहासाच्या मॅडम गेलो होतो. वडील काही बोलेनात, ते अंगणातच बसून राहिले. आईने चहा ठेवला आणि विचारलं, "सर, राहायची सोय कशी असते? संडास-बाथरूम?" मॅडमनी सगळं सांगितलं: मुलींचं वसतिगृह, खोलीत आपल्याच मुली, मॅडम स्वतः सोबत, रोज रात्री आठला फोन. "काकू, मी तिच्याच खोलीत झोपणार आहे." तेवढ्यावर परवानगी मिळाली. तीन वर्षं मिळाली. नवीन पुरुष कोचांनी हे पक्कं करावं की मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि ती कोण हे घरच्यांना आधी माहीत असेल.

पाळीच्या दिवसांबद्दल मुलींशी मॅडमनी बोलावं आणि वेळापत्रक कोचला कळावं, एवढी व्यवस्था पुरते. हा विषय टाळणारे कोच मग "आज हिच्यात जोर नाही" म्हणून बाकावर बसवतात.

कागद, कागद, कागद

सामना हरला तर पोरं विसरतात. एलिजिबिलिटी फॉर्ममध्ये खोट निघून संघ बाद झाला तर दहा वर्षं विसरत नाहीत. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची मर्यादा आहे, बारावीनंतर किती वर्षं झाली याची अट आहे, पूर्णवेळ विद्यार्थी असणं आहे, एटीकेटीचे प्रश्न आहेत. बोनाफाईड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, सगळ्यांची खेळाडूगणिक फाईल जुलैत तयार करा. फोटो जास्तीचे घेऊन ठेवा. नियमपुस्तिका दरवर्षी नवी काढून वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर फॉर्म भरू नका.

पोरांना या कागदांचं महत्त्व तुम्हीच सांगायचं. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, आणि कुठल्या पदाला कोणत्या पातळीचं यश चालतं हे शासन निर्णयात ठरलेलं आहे. तो निर्णय स्वतः वाचा. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून तपासणी कडक झाली आहे. सामन्याचा कार्यक्रम, निकालपत्र, संघाची यादी, वर्तमानपत्रातलं कात्रण हे सगळं जपून ठेवलंत तर पाच वर्षांनी एखादा पोरगा पोलीस भरतीच्या वेळी दारात येतो तेव्हा त्याला देता येतं.

नवीन शैक्षणिक धोरणात खेळालाही सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट मिळायला लागले आहेत. त्याने मैदानावरची गर्दी वाढली, हजेरीची सही करून पळणारेही वाढले. त्यांच्यातच कधीतरी एखादा सापडतो, म्हणून मी त्यांना हाकलत नाही.

प्रथमोपचाराचं मात्र मनावर घ्या. फुटबॉलमध्ये आणि बास्केटबॉलमध्येही गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतला अस्थिबंध, फाटतो, बहुतेकदा कुणाचा धक्का न लागता, उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना. पोरगा "टक् आवाज आला सर" म्हणाला आणि तासाभरात गुडघा सुजला तर मालिशवाल्याकडे नेऊ नका, कोल्हापुरात हाडवैद्यांची कमी नाही म्हणूनच सांगतो. बर्फ, पट्टी, पाय वर, आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे. डोक्याला मार लागून क्षणभर जरी भोवळ आली तरी त्या दिवशी खेळ बंद, तालमीचा दादा काहीही म्हणो. आठवड्यातून तीनदा वॉर्मअपमध्ये एका पायावर उतरण्याचे, गुडघा आत न वळू देण्याचे व्यायाम घाला. पोरं कंटाळतात. घ्याच.

आता तुम्ही एस.वाय.ला असाल आणि हे वाचत असाल तर या वर्षी करण्यासारखं सांगतो. संघात असाल तर सामन्यांची प्रमाणपत्रं मिळतील तेव्हाच घ्या, नंतर देऊ म्हणणाऱ्यांच्या मागे लागा. जवळच्या शाळेत दहा-बारा वर्षांच्या पोरांना फुकट का होईना, आठवड्यातून दोनदा शिकवा; त्यांना समजेल असं बोलता आलं तर कॉलेजच्या पोरांना सहज बोलाल. जिल्हा संघटनेत जाऊन रेफरीच्या परीक्षेची तारीख विचारा. आणि तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यात जाऊन सरांना म्हणा, या वर्षी झोनलचे फॉर्म मी भरतो. सर नाही म्हणणार नाहीत. मी तर लगेच स्टूल पुढे करीन.